जोडीतला पिवळा दिवा

दोन दिव्यांपैकी एक पिवळा निघाला. झालं एवढंच. त्यात कुणाचं काही बिघडावं असं नव्हतं. खोक्यावर पांढरा लिहून आत पिवळा भरणारा माणूस कुठेतरी लांबच्या गोदामात बसला होता, आणि चिखलीतल्या छाया फोटो स्टुडिओशी त्याचं काही घेणंदेणं असण्याचं कारण नव्हतं. गोपाळनं दोन्ही बटणं एकदम दाबली तेव्हा समोरच्या स्टुलावर अश्विनी बसली होती. ती आली होती नवऱ्याचा डबा द्यायला. पण नवा लाइट पाहायचा तर समोर एखादं तोंड हवं, आणि सकाळच्या साडेदहाला गिऱ्हाइकाचा पत्ता नव्हता, म्हणून त्यानं तिलाच पाच मिनिटं बसवून घेतलं होतं. उजवीकडच्या सॉफ्टबॉक्सचा, म्हणजे दिव्याभोवती ताणलेल्या कापडी पेटीचा, उजेड तिच्या गालावर आला तो स्वच्छ पांढरा, आणि डावीकडच्याचा आला तो पिवळा. नाकाच्या मधोमध दोन्हींची हद्द पडली. भिंतीवर गिऱ्हाइकांसाठी आरसा होता, त्याच्या खिळ्याला सुतळीनं बांधलेला कंगवा. अश्विनीनं मान वळवून आरशात पाहिलं आणि तिला हसू आलं. "काऊन हो," ती म्हणाली, "अर्ध्या तोंडाले कावीळ झाल्यासारखी दिसून राह्यली मी. हा डोळा पाहा, अन् हा पाहा." गोपाळनं पाहिलं. एका डोळ्यातलं पांढरं पांढरं होतं आणि दुसऱ्यातलं पिवळं होतं. त्यानं डावीकडचं बटण बंद केलं. मग उजवीकडचंही केलं. "बल्ब बदलून आला," तो म्हणाला. अश्विनी उठली, पदर झटकला, आणि जाता जाता दारातून म्हणाली, "माय येऊन राह्यल्या आज उंद्रीहून. कोणत्या तरी फॉर्मले फोटो पाह्यजे म्हणे त्याईले. जेवल्याबिगर जाऊ देजा नोका." तो हो म्हणाला. ती गेल्यावरही तो बटणापाशीच उभा होता, आणि आपण कशासाठी उभे आहोत ते त्याला लगेच सांगता आलं नसतं.

सॉफ्टबॉक्स घ्यायचे हे ठरायलाच सहा महिने गेले होते. गोपाळ हा चप्पल घ्यायची तरी तीन दुकानं फिरून पहिल्याच दुकानात परत येणारा माणूस. त्याला घाईला लावलं ते भार्गवीनं. बसस्टँडच्या मागे तिचं पार्लर होतं आणि लग्नसराईत तिच्याकडे नवरीमुलींची रांग लागे. "भाऊ," ती एक दिवस येऊन उभ्यानंच म्हणाली होती, "दोन घंटे मी मेकअप करते, अन् तुमच्या हालोजनखाली तो दहा मिनिटांत उतरते. पोरगी घामाघूम. नवीन लाइट घेता, का मी दुसरा स्टुडिओ पाहू?" बाई तोंडानं फटकळ, पण खोटं बोलणारी नव्हे. मग गोपाळ दुपारच्या रिकाम्या वेळात मोबाइलवर व्हिडिओ पाहू लागला. दिव्याला लावायची छत्री सगळ्यांत स्वस्त. पण छत्रीतला उजेड चहूकडे उडतो, आणि त्याच्या दहा बाय बाराच्या खोलीच्या भिंती पोपटी होत्या, तो पोपटी रंग उडून गिऱ्हाइकाच्या गालावर बसला असता. अष्टकोनी मोठा सॉफ्टबॉक्स दिसायला देखणा. पण तसे दोन लावले तर कॅमेरा घेऊन त्याला रस्त्यावर उभं राहावं लागलं असतं. राहिले ते चौकोनी, उशीएवढे. त्यातही होल्डर प्लास्टिकचा की लोखंडी, स्टँडचे पाय तीन महिन्यांत वाकतात की सहा, कापडाचं वेल्क्रो किती धुण्यांनंतर धरत नाही, हे सगळं त्यानं लोकांच्या तक्रारी वाचून काढलं. तक्रारी वाचायला त्याला बरं वाटे. कुणीतरी फसलेलं असे आणि ते तसं उघड लिहूनही टाकलेलं असे. फ्लॅश घ्यायचा की कायम जळणारा बल्ब, यावर मात्र त्याला फार विचार करावा लागला नाही. व्हिडिओतला एक पोरगा सांगत होता की फ्लॅशमध्ये काय येईल ते आधी कळत नाही, बल्बमध्ये जे दिसतं तेच येतं. गोपाळनं ते वाक्य मागे नेऊन पुन्हा ऐकलं. जे दिसतं तेच येतं. मग त्यानं बल्बवाली जोडी मागवली, आणि रंगाच्या रकान्यात पांढरा निवडून तो पांढराच आहे ना हे तीनदा तपासलं.

आणि आज सकाळी त्यानं ती एकट्यानं जोडली. खोक्यातून निघालेलं सामान पाहून त्याचं काय होणार आहे ते मुळीच कळत नव्हतं. बाहेरून काळं आणि आतून चंदेरी असं घडी घातलेलं कापड, आठ बारीक गज, चार भोकांच्या दोन कड्या, आणि एक कागद, ज्यावरची अक्षरं चिनी होती आणि चित्रं त्याहून अवघड. एका सॉफ्टबॉक्सला चार गज. पहिले तीन आपोआप गेल्यासारखे कडीत जातात. चौथा जात नाही. तोवर कापड सगळं ताणलेलं असतं, गज धनुकलीसारखा वाकवावा लागतो, आणि आता हा मोडणार असं वाटत असतानाच तो टक्‌ करून बसतो. पहिल्या बॉक्सचा चौथा गज बसला तेव्हा गज आणि कडी यांच्यामध्ये त्याचा अंगठा होता. त्याला ते कळलं ते चंदेरी कापडावर तांबडा थेंब दिसल्यावर. दुखलं नाही. त्यानं थेंब पुसला, अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळली आणि दुसरा बॉक्स जोडायला घेतला. त्याचं हे असंच होतं. लोक म्हणत गोपाळभाऊ मोठे शांत, रागावत नाहीत, रडत नाहीत, लग्नाच्या मांडवात भांडणं लागली तरी हे आपले कॅमेरा घेऊन उभे. अश्विनी सुरुवातीला त्याच्या या शांतपणावर भाळली होती आणि पुढे पुढे त्याला कंटाळली होती. पण तो शांतपणा नव्हताच. त्याच्यापर्यंत गोष्टी पोचतच नव्हत्या. वडील गेले तेव्हा त्यानं तिरडीचे बांबू पारखून आणले, सगळ्या सोयऱ्यांना फोन केले, आणि स्मशानातून आल्यावर आंघोळ करून दोन भाकरी खाल्ल्या. रात्री आपण रडलो नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचं त्याला भय वाटलं. तेही थोडंच वाटलं.

कावीळ हा शब्द त्याच्या घरात पंधरा वर्षं कुणी काढत नव्हतं. अश्विनी त्या घरात आली ती सगळं होऊन गेल्यानंतर. धाकटा दीर काविळीनं गेला एवढं तिला माहीत होतं, पण ते तिच्या दृष्टीनं तसबिरीतल्या माणसाचं मरण होतं. तिनं आरशात पाहून सहज म्हटलं, त्यात तिची काही चूक नव्हती. गोपाळ बटणापासून हलला आणि स्टुलावर बसला, जिथं ती बसली होती तिथं. समोर कॅमेऱ्याचं स्टँड. इथून स्टुडिओ असा दिसतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी स्टूल हेच होतं, आरसा हाच होता, कंगवा तेवढा दोन-तीनदा बदलला. आणि दोन्ही बाजूंना हॅलोजन होते, पिवळेजर्द, तापले की करपल्याचा वास सोडणारे. धाकटा भाऊ दीपक आला होता तोही असाच साडेदहा-अकराला. वय एकवीस. पोलीस भरतीचा फॉर्म भरायचा होता आणि तारीख त्या दिवशी संपत होती. पांढरा शर्ट, कडक इस्त्री केलेला, वरचं बटण लावलेलं, त्यामुळे मान आखडलेली. "दादा, पटकन काढ, गाडी उभी हाय," असं म्हणत तो आत आला, आरशासमोर उभा राहून केस सारखे केले, आणि मग कंगवा हातात धरून तसाच थांबला. आरशात तोंड जवळ नेलं. बोटानं पापणी खाली ओढली. "दादा," तो म्हणाला, "पाह्य बरं, माहे डोळे पिवळे दिसून राह्यले का?" गोपाळ कॅमेऱ्यामागे होता. त्याच्या हातात आणखी दोन गिऱ्हाइकांचं काम होतं. तो म्हणाला, "हालोजनचा उजेड हाय तो. याच्याखाली सगळ्याइचेच पिवळे दिसते. बस. हनुवटी खाली घे."

या उत्तरात खोटं काही नव्हतं, आणि गोची हीच होती. हॅलोजनखाली सगळ्यांचेच डोळे पिवळे दिसतात. ज्या माणसाला उजेडातलं काही कळत नाही असा दुसरा कुणीही असता, शेजारचा पानवाला असता, बसचा कंडक्टर असता, तर तो म्हणाला असता, हाव बे, पिवळे दिसते, दवाखान्यात जाय. उत्तर आलं ते गोपाळला त्यातलं कळत होतं म्हणून आलं. पण तिथं थांबलं असतं तरी माणूस स्वतःला समजावू शकला असता. फोटो काढून त्यानं कॉम्प्युटरवर घेतला. कॅमेऱ्यातला रंग त्या दिव्यांना जुळवून लावलेला होता, त्यामुळे दिव्याचा पिवळेपणा फोटोत उरत नसे. तशी त्याची पद्धतच होती. दीपकचा शर्ट पडद्यावर पांढराशुभ्र आला. दात पांढरे आले. मागचा पडदा होता तसा फिका निळा आला. आणि डोळे पिवळे आले. दिवा गेला होता आणि पिवळं राहिलं होतं. हे गोपाळनं पाहिलं. पाहिलं होतं की नव्हतं असा प्रश्न त्याला पुढे कधी पडला नाही, कारण त्याला ते पडद्यावरचे डोळे आठवत होते आणि पुढे आपल्या हातानं काय केलं तेही आठवत होतं. फॉर्मच्या फोटोत तो सगळ्यांनाच करी ते त्यानं केलं. हनुवटीवरची पुटकुळी काढली, डोळ्यांखालचं काळं उजळलं, मग डोळा मोठा करून त्यातलं पिवळं काढून टाकलं, दुसऱ्या डोळ्यातलंही. पुटकुळीला जास्त वेळ लागला. आठ फोटो छापले, कापले, पाकिटात घातले. दीपकनं पाकीट उघडून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "हे पाह्य," तो म्हणाला, "पांढरेच तं हायेत. मले उगाच वाटलं." आणि तो गेला. त्यानंतर त्यानं दोन दिवस भरतीच्या बाकीच्या कागदपत्रांसाठी पायपीट केली, तिसऱ्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या, आणि अकराव्या दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्यात त्याचा जीव गेला. तिथल्या डॉक्टरनं चष्मा पुसत सांगितलं की आठवडाभर आधी आणायला पाहिजे होतं. गोपाळनं मान हलवली. डॉक्टरच्या मागे भिंतीवर ट्यूबलाइट होती आणि तिचा रंग हिरव्याकडे झुकलेला होता, हे त्याच्या ध्यानात राहिलं.

तेरवीला फोटो लागतो. घरात दीपकचा धड दुसरा फोटो नव्हता, म्हणून तोच मोठा केला. गोपाळनंच केला. सोयऱ्यांपैकी एकानं तसबिरीसमोर उभं राहून म्हटलं होतं, डोळे पाहा पोराचे, आत्ता बोलंल असे. उंद्रीच्या घरात ती तसबीर अजून होती. आई रोज तिच्यापुढे उदबत्ती लावी, आणि गोपाळ तिथं गेला की तसबिरीकडे पाठ येईल अशा जागी बसे. पहिला फोटो, पिवळ्या डोळ्यांचा, त्यानं पुसला नव्हता. कॉम्प्युटर चार वेळा बदलला आणि चारही वेळा तो फोटो नव्या कॉम्प्युटरवर आला, पण उघडला एकदाही नाही. गिऱ्हाइकांचे डोळे पांढरे करणंही त्यानं सोडलं नव्हतं. सोडलं असतं तर का सोडलं ते कुणाला तरी सांगावं लागलं असतं, निदान स्वतःला तरी. फक्त तो डोळ्यांकडे पाहीनासा झाला. समोर माणूस बसला की तो त्याच्या कॉलरकडे पाही. कॉलर सरळ असली की बटण दाबी. अश्विनीच्या डोळ्यांकडे आज त्यानं नीट पाहिलं असेल ते कितीतरी दिवसांनी, आणि तेही तिनं पाहा म्हटलं म्हणून.

आई आली तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. पुष्पाबाई चढताना पायरीवर क्षणभर थांबल्या, गुडघ्यावर हात ठेवला, मग आत आल्या. हातात कापडी पिशवी, तीत हरभऱ्याचे हिरवे घाटे. लेक शहरात राहतो, त्याला हे कुठून मिळणार, असा त्यांचा ठाम समज होता, जरी चिखलीच्या बाजारात घाट्यांचे ढीग लागलेले असत. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि सॉफ्टबॉक्सकडे पाहिलं. "हे काय टांगलं रे? उशा टांगल्यासारखं." "नवीन लाइट हाय, माय. गरम नाही होत." "बरं झालं. त्या जुन्याईनं डोकं दुखे माह्यावालं." त्या स्टुलावर बसल्या, पदर डोक्यावरून घेतला, मग फोटोत कान दिसायला पाहिजे असं कुणीतरी सांगितलेलं आठवून मागे सारला. गोपाळनं उजवीकडचा पांढरा दिवा लावला. डावीकडे थर्माकोलचा एक पांढरा तक्ता उभा केला, म्हणजे उजेड तिकडून थोडा परत येईल आणि अर्धं तोंड अंधारात जाणार नाही. तक्ता एका विटेला टेकवताना अंगठा कुठेतरी लागला. त्याला वाटलं, आता दुखेल. "दुसरा काऊन नाही लावत?" आईनं विचारलं. "तो पिवळा निघाला."  त्यानं कॉलर नसलेल्या बाईच्या कशाकडे पाहायचं म्हणून तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

फोटो पडद्यावर आला. आई उठून त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. खुर्चीच्या पाठीवर तिचा हात होता आणि त्या हाताला घाट्यांचा आंबूस वास येत होता. नव्या दिव्याचं काम चोख होतं. सुरकुत्या होत्या तेवढ्याच होत्या, कपाळ चमकत नव्हतं, पातळाचा रंग पातळासारखा आला होता. भार्गवी खूश होईल, असा विचार त्याच्या मनात आला. तोवर त्याच्या हातानं डोळा मोठा केला होता. म्हातारपणात बुबुळाभोवती पांढुरकी कड येते ती होती, कोपऱ्यात बारीक तांबड्या शिरा होत्या, आणि पांढऱ्यात किंचित, अगदी किंचित पिवळी झाक होती. हात पुढे गेला आणि एका डोळ्यातली झाक नाहीशी झाली.

"हे काय करून राह्यला?" आईनं विचारलं.

"डोळे साफ करतो. सगळ्याइचेच करा लागते."

 रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला आणि काचेची दारं थरथरली. "दीपकचेबी केले होते," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

 पंधरा वर्षं गोपाळनं या प्रश्नाची वाट पाहिली होती आणि नाना उत्तरं जुळवून ठेवली होती.  "हाव," तो म्हणाला.

"मले ठाऊक होतं."

तो वळला नाही. आई त्याच्या मागून बोलत राहिली, दुसऱ्या कुणाच्या घरची हकिगत सांगावी अशा आवाजात. "सकाळी अंगणात तोंड धुवाले बसला होता तो. समोरून ऊन होतं. मी पाणी घालून राह्यली होती. मले दिसले ना डोळे, हळदीवानी. मी म्हतलं, दीपक, हे काय रे. तो म्हणे, आज शेवटची तारीख हाय माय, आज काही काढजो नोको. मी म्हतलं बरं. जाय, पयले फोटो काढून ये, अन् दादाले इचारजो, त्याले समजते. दवाखाना काही पळून नाही जात, म्हतलं."  खुर्चीची पाठ थोडी हलली. "दुपारी आला अन् फोटो दाखवला मले. म्हणे पाह्य, पांढरेच हायेत, दादा म्हणे लाइटचं हाय. तो माह्यासमोर उभा होता गोपाळ. हातभर दूर. मी मान वर नाही केली. मी फोटोकडेच पाह्यलं. मले लय बरं वाटलं."

गोपाळचे हात टेबलावर होते. त्यांच्याकडे पाहताना ते आपले आहेत हे त्याला समजत होतं, पण हलवता येत नव्हते. त्याला वाटत होतं की काहीतरी बोलावं, की चूक तुझी नव्हती, माझी होती, कारण मी पाहिलं होतं, शर्ट पांढरा आला होता. पण हे सगळं बोलायचं म्हणजे आईचं दुःख आपल्या नावावर करून घेण्यासारखं होतं, आणि तेवढा हक्क आपल्याला आहे की नाही याची त्याला खात्री वाटेना. त्याला आईची दया आली. मग राग आला, तिनं हे आधी का सांगितलं नाही म्हणून. मग लक्षात आलं की तीही पंधरा वर्षं त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हती. जेवायला वाढताना ती ताटाकडे पाही. त्याला ते तिचं वय वाटत आलं होतं.

"तो पयला फोटो ठेवला का तू?" आईनं विचारलं.

"हाय."

"दाखव."

फोल्डर शोधायला त्याला वेळ लागला नाही. वेळ लागला तो बोट खाली यायला. मग पडद्यावर दीपक आला. पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं, आखडलेली मान, हनुवटीवर पुटकुळी. आणि डोळे. गोपाळला वाटत होतं त्याहून ते कितीतरी जास्त पिवळे होते. त्यात भीती होती असं त्याला आता दिसलं. त्या डोळ्यांनी नुकतंच काहीतरी विचारलं होतं आणि ते उत्तर कानावर घेऊन समोर पाहत होते. तसबिरीतल्या दीपकच्या डोळ्यांत काही नव्हतं. पिवळ्याबरोबर हेही आपण काढून टाकलं होतं, हे गोपाळला पंधरा वर्षांनी कळलं. आईनं पडद्याजवळ वाकून पाहिलं, डोळे बारीक करून, पोथी वाचल्यासारखं. बराच वेळ पाहिलं. "हाव," ती म्हणाली. "असाच होता त्या दिवशी." मग पदरानं तिनं पडद्यावरची धूळ पुसली, जिथं दीपकचं कपाळ होतं तिथली. "मोठा करून देजो मले याचा. तो तिथला उतरवून टाकू. त्याच्याशी बोलता नाही येत."

"लोक काय म्हणतीन, माय?"

"म्हणू दे ना." ती सरळ झाली. "अन् माहेबी राहू दे, जसे हायेत तसे."

त्यानं आईचा फोटो पुन्हा पडद्यावर आणला. एक डोळा पांढरा केलेला होता, दुसरा होता तसा. सकाळच्या अश्विनीसारखा. केलेलं त्यानं मागे घेतलं आणि दोन्ही डोळे सारखे झाले, दोन्हींत ती किंचित पिवळी झाक. आणि आता तो तिच्याकडे पाहू लागला. दिवा तर पांढरा होता. की पांढराही धड पांढरा नव्हता. खोक्यावर पांढरा लिहून आणखी काही भरणाऱ्या माणसाचा काय भरवसा. थर्माकोलवरून काही आलं असेल. पोपटी भिंतीवरून आलं असेल. वय झालं की डोळे असे होतातच, सत्तरीला कुणाचे पांढरे असतात. एक एक कारण येत होतं, नीट, रांगेनं, आणि त्यातलं प्रत्येक खरं असण्यासारखं होतं. "जेवण जाते का तुले?" त्यानं विचारलं. "जाते ना. कमी जाते थोडं. उन्हाळा लागला ना आता," आई म्हणाली, आणि पिशवीतून घाटे काढून टेबलावर मांडू लागली.

गोपाळ उठला. पांढरा दिवा बंद केला. मग त्यानं आईचा दंड धरला, तसा त्यानं कधी धरल्याचं त्याला आठवत नव्हतं, आणि तिला दाराकडे चालवलं. "काय रे, कोठं नेतो?" ती म्हणाली, पण चालली. काचेचं दार ढकलून त्यानं तिला पायरीवर उभं केलं. बाहेर दुपारचं लख्ख ऊन होतं. समोरच्या पंक्चरच्या दुकानात बसलेली दोन माणसं मान वळवून पाहू लागली. आईनं उन्हानं डोळे मिटले. "उघड," तो म्हणाला. "वर पाह्य." तिनं उघडले. त्यानं अंगठ्यानं तिची खालची पापणी हळूच ओढली, आणि त्याच अंगठ्यात, चिकटपट्टीखाली, सकाळचं दुखणं आता ठणकत वर आलं. पार मनगटापर्यंत आलं. त्यानं अंगठा हलवला नाही. आईच्या डोळ्यांत पाणी येत होतं, उन्हानं असेल, आणि त्या पाण्यातून ती सरळ त्याच्याकडे पाहत होती.

"कसे हायेत?" तिनं विचारलं.

"थांब," गोपाळ म्हणाला.  "मले नीट पाहू दे."